अर्बा म्हणजे चार की चाळीस?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा नोकरीनिमित्त इथिओपियाच्या राजधानीला, अदिस अबाबाला जाणार आहे, म्हणून तिथली आम्हारिक भाषा शिकायला घेतलीय, एक ते दहा झाले, आता दशकांवर आलाय आणि तिथे 'आर्बा', 'सबा', 'सलासा' हे शब्द बघून चक्रावलाय, कारण घरात मोडी वाचणारे आजोबा होते आणि त्यांच्या तोंडून 'सन अर्बा', 'सन सबा' ऐकलेलं आहे. तर हे शब्द एकच का, आणि हे आपल्याकडे मलिक अंबर आणि जंजिऱ्याच्या हबश्यांबरोबर, म्हणजे मूळच्या इथिओपियन लोकांबरोबर, आले का?

शब्द एकाच घराण्यातले आहेत, पण हबश्यांबरोबर आलेले नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थ एक नाही! आजोबांचा अर्बा चार आहे, अदिसमधला आर्बा चाळीस. बाजारात ही गडबड झाली तर दहापट फरक पडतो, म्हणून सावकाश सांगतो.

आधी आपल्याकडचं. शिवकालीन आणि पेशवाईतल्या कागदांवर जो सुहूर सन असतो (शुहूर, अरबी सन, काय म्हणाल ते) तो आकड्यात कमी आणि शब्दात जास्त लिहायचे, आणि शब्द अरबी. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर हे एक ते दहा. मग अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन, शंभराला मया आणि हजाराला अलफ. पानिपत झालं जानेवारी 1761 मधे, त्या वर्षाचा सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, वर्ष मृगात बदलतं त्यामुळे कधी हा कधी तो. हा सन दख्खनमधे साधारण 1344 पासून धरतात, तुघलकाच्या काळात. मलिक अंबर इथिओपियात जन्मला 1548 च्या आसपास. म्हणजे अंबर जन्मायच्या दोनशे वर्षं आधीपासून दख्खनच्या कारकुनांना अर्बा ठाऊक होता, आणि तो आला अरबी-फारसी दफ्तरातून. हबश्यांना श्रेय द्यायला मलाही आवडलं असतं पण तारखा जुळत नाहीत. (हबशी हा शब्द मात्र तिकडचाच, तिथले लोक स्वतःला आजही हबेशा म्हणवतात.)

आता आम्हारिक. एक ते दहा असे: आंद, हुलत्त, सोस्त, आरात्त, आम्मिस्त, सिद्दिस्त, सबात्त, सिम्मिंत, जतञ, आस्सिर. देवनागरीत लिहिलंय ते अंदाजे समजा. सिद्दिस्त, सिम्मिंत मधली जी वेलांटी आहे ती पूर्ण इ नाही, इ आणि उ च्या मधे कुठेतरी अर्धवट सोडलेला स्वर आहे. नऊचा 'जतञ' सगळ्यात छळतो. त्यातला ज आपल्या 'जरा' मधला, 'जीव' मधला नाही, हे मराठी माणसाला फुकटात मिळालंय, हिंदीवाल्यांना नुक्ता आठवावा लागतो. मधला त घसा बंद करून फटकन सोडायचा, श्वास न घेता, टिचकी वाजल्यासारखा. आणि शेवटचा ञ खरा ञ, बाराखडीत शिकलो आणि नंतर कधीच वापरला नाही तो. मल्याळी माणूस 'ञान' म्हणतो तो ऐका.

दशकं: आस्सिर दहा, हाया वीस, सलासा तीस, आर्बा चाळीस, हाम्सा पन्नास, सिल्सा साठ, सबा सत्तर, समान्या ऐंशी, जतना नव्वद. शंभर मतो, हजार शी.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. आजोबांचे सलास, अर्बा, खमस, सबा, समान हे तीन, चार, पाच, सात, आठ. अदिसचे सलासा, आर्बा, हाम्सा, सबा, समान्या हे तीस, चाळीस, पन्नास, सत्तर, ऐंशी. एक शून्य वाढलेलं! मी स्वतः यात आपटलोय. पुण्यात शिकायला आलेल्या इथिओपियन पोरांच्या खोलीवर मी जायचो, एकदा सगळ्यांनी मिळून कॉफीचं सामान आणायचं ठरलं, प्रत्येकी हाम्सा असं कोणीतरी म्हणालं आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने पाचचं नाणं काढून ठेवलं, कारण डोक्यात खमस. पोरं सभ्य, कोणी काही बोललं नाही, नाण्याकडे बघत राहिले नुसते.

असं का होतं ते मजेशीर आहे, आणि यात खरी चावी त्या शेवटच्या 'त' मधे आहे. सेमिटिक भाषांमधे, म्हणजे अरबी, हिब्रू, आम्हारिकची थोरली नातलग गीझ वगैरे, तीन ते दहा या आकड्यांना दोन रूपं असायची, एक त-वालं आणि एक त नसलेलं. आणि नियम उफराटा! पुल्लिंगी वस्तू मोजताना त-वालं, जे खरं तर स्त्रीलिंगी दिसणारं रूप आहे, आणि स्त्रीलिंगी वस्तू मोजताना त नसलेलं. चार पुरुष म्हणताना अरबी माणूस 'अर्बअत' म्हणणार आणि चार बायका म्हणताना 'अर्बअ'. का असं, यावर व्याकरणवाल्यांनी पुष्कळ डोकं खाजवलंय, आपण नको.

तर अरबीत वर्षाला शब्द आहे 'सना', तो स्त्रीलिंगी. म्हणून वर्ष मोजताना त नसलेली रूपं आली आणि तीच आपल्या कारकुनांनी मोडीत उतरवली: सलास, अर्बा, खमस, सबा. अगदी 'इहिदे' सुद्धा, ते अरबी एक चं स्त्रीलिंगी रूप आहे, पुल्लिंगी असतं तर अहद झालं असतं. म्हणजे पेशव्यांच्या पत्रावर वर्षाचं लिंग जपलेलं आहे, लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता असो नसो. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा त्या दिवशी बाकी काही काम झालं नाही.

आम्हारिकने उलटं केलं. लिंगाची भानगड आकड्यांतून काढून टाकली आणि तीन ते आठ यांचं त-वालं एकच रूप ठेवलं. सोस्त, आरात्त, आम्मिस्त, सिद्दिस्त, सबात्त, सिम्मिंत, बघा प्रत्येकाच्या शेवटी त आहे. (फक्त एकाला अजून बाईमाणूस आहे, आंद आणि आंदित.) मग त नसलेली, आ-कारान्त रूपं दशकांची, ती गीझपासूनच तशी आहेत. अरबीने दशकांना ईन लावला, सलासीन अर्बैन, म्हणून तिकडे गोंधळ नाही. थोडक्यात कानाला एकच पट्टी लावायची, आम्हारिकमधे शेवटी त ऐकू आला तर एकक, आ ऐकू आला तर दशक. सबात्त सात, सबा सत्तर. आरात्त चार, आर्बा चाळीस.

पाठ करायला गावांची नावं घ्या, कोष्टकापेक्षा बरी. दक्षिण इथिओपियात आबाया आणि चामो या तळ्यांजवळ आर्बा मिंच नावाचं शहर आहे, अर्थ चाळीस झरे. आपलं चाळीसगाव आठवा, झालं, आर्बा आयुष्यात चार होणार नाही. अदिसमधे आरात्त किलो, आम्मिस्त किलो, सिद्दिस्त किलो असे भाग आहेत, चार, पाच आणि सहा किलो, यातला किलो वजनाचा नाही, किलोमीटरचा. सिद्दिस्त किलोला अदिस अबाबा विद्यापीठाचं मुख्य आवार आहे. आणि हाया हुलत्त म्हणून एक भाग आहे, नुसतं 'बावीस'. तुम्ही तिथेच राहणार तर टॅक्सीवालाच पाढे म्हणवून घेईल.

बाकी नातेवाईक सापडतात ते पण सांगतो, काही सरळ काही लपलेले. मतो आणि मया एकच. सिद्दिस्त आणि सीत जुळत नाहीत असं वाटतं, पण अरबीत सहावा म्हणजे 'सादिस', तिथे तो द अजून जिवंत आहे, म्हणजे मूळ शब्दात द होता आणि सहा म्हणताना अरबीने तो गिळला, आम्हारिकने ठेवला. हुलत्त चा इसन्नेशी संबंध नाही, तो गीझच्या 'किल्एतु' वरून, क चा ह झालाय, आणि त्याचा अरबी भाऊ 'किला' म्हणजे दोघेही. हजाराला आम्हारिक शी वेगळाच, अलफ तिथेही आहे पण 'इल्फ' म्हणून, आणि तो हजार नाही, दहा हजार! म्हणजे परत एक शून्य वाढलं, यांची ती सवयच दिसते. पाव म्हणजे रुब, तोच र-ब-अ धातू जो आपल्याला रुबाई मधे भेटतो, चार ओळींची म्हणून रुबाई. बुधवारही रोब, चौथा दिवस, आणि गुरुवार हामुस, पाचवा.

आता चांगली बातमी. एवढं झालं की शंभरपर्यंत नवीन काही नाही. अकरा ते एकोणीस आस्रा लावून, आस्रा आंद, आस्रा हुलत्त. एकवीस हाया आंद, बासष्ट सिल्सा हुलत्त. म्हणजे साठ दोन. 2019 मधे बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला होता आठवतंय? तिथे अख्खा देश तसाच मोजतो आणि कुणाचं काही अडत नाही. (माझं मत विचाराल तर मला बासष्ट आवडतं, पण सत्त्याहत्तर आणि सत्त्याऐंशी मधे अजून अडखळतो, त्यामुळे फार जोरात बोलत नाही.) अरबी मात्र आपल्यासारखी, आधी एकक मग दशक, इहिदे सितैन म्हणजे एक-साठ, हुबेहूब एकसष्ट. त्यामुळे कारकुनांना ते अंगवळणी पडायला सोपं गेलं असेल असं आपलं मला वाटतं. पानिपतचा तोच 1161 आम्हारिकमधे 'आंद शी आंद मतो सिल्सा आंद', बरोब्बर उलट्या टोकाने सुरू.

पहिला दुसरा करायचं तर शेवटी अञ्ञा: आंदञ्ञा, हुलत्तञ्ञा, सोस्तञ्ञा. दिसायला जवळजवळ तसाच प्रत्यय भाषांच्या नावात पण आहे, आम्हारिकला ते स्वतः आमारिञ्ञा म्हणतात. किंमत विचारायला 'सिंत नउ?', कितीला.

आणि आकडे आले म्हणून वेळ आली असं समजू नका. तास म्हणजे सआत, आपली लग्नाची साईत तीच, अरबीतून आलेली. पण तिथे तास उजाडल्यापासून मोजतात, सकाळचे सात वाजले की आंद सआत, दुपारचे दोन म्हणजे सिम्मिंत सआत, आठ. आपल्या जुन्या घटिका पण सूर्योदयापासूनच मोजायच्या, त्यामुळे आजोबांना हे नवीन वाटलं नसतं. मोबाइलच्या घड्याळात सहा वजा करा, सहाच्या आत किंवा सहा असेल तर सहा मिळवा. कोणी भेटायला सोस्त सआत म्हणालं तर सकाळी नऊला जा, आणि एकदा विचारून घ्या की तुमच्या घड्याळाने की आमच्या, कारण परदेशी माणूस दिसला की काहीजण सौजन्याने परदेशी पद्धतीचे तास सांगतात आणि मग दोघेही चुकतात.

लिपीतले जुने गीझ आकडे, जे ग्रीक अक्षरांवरून आलेत, ते आत्ता सोडून द्या. एकूण वीस चिन्हं आहेत, शून्य नाही, तारखांमधे आणि धर्मग्रंथाच्या अध्यायांवर दिसतात, दुकानात 1, 2, 3 च चालतं. आधी तो जतञ जमवा.