निळ्या-पांढऱ्या नक्षीचा इंग्लिश पाण्याचा जग आणि तस्त जुनं आहे का, कसं ओळखायचं?

जुन्या बाजारात मिळालेला निळ्या नक्षीचा मोठा जग आणि त्याच्या जोडीचं पसरट भांडं, म्हणजे तस्त, कशाचं, खरंच जुनं आहे का, आणि त्यात फळं ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

हा तोंड धुण्याचा जोड. घरोघरी नळ येण्याआधी इंग्लंडमध्ये तो निजायच्या खोलीत ठेवलेला असे. जगातलं पाणी तस्तात ओतायचं आणि हात-तोंड धुवायचं. आपल्या तांब्या-घंगाळासारखंच. साबणाचं भांडं, दातांच्या ब्रशची लांबट डबी, पलंगाखालचं भांडंसुद्धा त्याच नक्षीत मिळे.

आता काठाजवळ नीट बघा. माझ्या तस्ताच्या काठावर फुलांची वेल फिरते आणि एका जागी फूल अर्धंच कापलं जाऊन पुढचं पान देठाशिवाय सुरू होतं. तो कागदाचा सांधा. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर कोबाल्टची निळी तेलकट शाई भरून पातळ कागदावर छाप घेत. तो कागद कापून, एकदा भाजलेल्या भांड्यावर चिकटवून ब्रशने घासत, मग पाण्याने धुऊन काढत. शाई मातीला धरून राही. हे चिकटवण्याचं काम मुख्यतः बायका करत. सपाट कागद गोल भांड्यावर बसवायचा, म्हणजे कुठेतरी जोड येणारच. मला त्या अर्ध्या फुलात त्या बाईचा हात दिसतो, आणि संपूर्ण भांड्यात तीच जागा मला सगळ्यात प्रिय आहे. झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, त्यानंतर चढवत, म्हणून नक्षी बोटाला लागत नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये जोसाया स्पोड या कुंभाराने ही रीत 1784च्या सुमारास पक्की बसवली.

सांध्यावरून छाप हाताने लावल्याचं कळतं, वय कळत नाही. त्यासाठी तळ बघा. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा, नक्षीच्या नोंदणीचा शिक्का 1842 ते 1883 या काळातला. ‘इंग्लंड’ असा शब्द असेल तर भांडं बहुधा 1891 नंतरचं, कारण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने तिथे येणाऱ्या परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ बहुतेक विसाव्या शतकातलं. शिक्काच नसला तरी निराश होऊ नका, कितीतरी जुन्या भांड्यांवर तो नसतो.

फळं मात्र ठेवू नका. जुन्या झिलईत शिसं असायचं. धुताना कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. ब्लीच अजिबात नको, ते बारीक तड्यांतून आत शिरतं आणि पुढे झिलईचे पापुद्रे सुटतात. आणि जग कानाला धरून उचलू नका, खालून हात द्या.