गरीब घरच्या मुलांना नीट शिकवायचं कसं?

तुमची नेमणूक जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर झालीय, मुलं शेतमजुरांची, गृहपाठ होत नाही, पालक फिरकत नाहीत, मग शिकवायचं कसं, असं विचारलंत.

मीही याच पट्ट्यात मास्तरकी करतो. माझं म्हणणं एवढंच की जे काही शिकणं आहे ते शाळेच्या वेळातच उरका. गृहपाठ मी बंदच केलाय. मायबाप सकाळीच वेचणीला जातात, संध्याकाळी पोरीकडे पाणी, चूल आणि धाकटं भावंड. वही उघडणार कधी? त्याऐवजी परिपाठ संपला की अर्धा तास सराव. वाचनाचे गट इयत्ता बघून पाडू नका, कोणाला काय येतं ते बघून पाडा.

पाचवीतल्या एका पोराला फळ्यावरचा गुणाकार काही केल्या येईना. म्हटलं, मायने ३५ किलो कापूस वेचला, किलोला १० रुपये, ५० रुपये उचल कापली, हाती किती? "तीनशे." आणि वर मलाच ऐकवलं, "सर, काटावर किलोभर त मारतसच!" म्हणजे वजन करताना किलोभर कापूस कमी दाखवतातच.

हिशेब पक्का, कागदावर मांडता येत नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यातही हेच दिसलं. गंमत म्हणजे नुसती शाळेत जाणारी पोरं बाजारी हिशेबात अडखळली. मी आधी तोंडी सोडवून घेतो, मग तेच गणित त्यांच्याकडूनच फळ्यावर पायरीपायरीने उतरवून घेतो. गरीब बिचारं म्हणून सोपंच देत राहणं मला पटत नाही. त्यात पोराचं नुकसान, आपला आराम.

पहिली-दुसरीला अहिराणीत बोलू द्या, सातपुड्याकडच्या पाड्यावर असाल तर पावरीत. एकदा हसलात की ते पोर दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाही.

पालकसभा दुपारी ठेवलीत तर त्यांचा रोज बुडतो. रात्री जेवणं झाल्यावर मारुतीच्या पारावर बोलवा, येतात. ऊसतोडीला कोण जाणार ते दसऱ्याआधीच विचारून ठेवा. पोर आजीकडे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाचं बघा. सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी पत्रक हातात द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं, आणि मुकादमाचा नंबर घ्यायला विसरू नका.