प्रश्न तुमचे : कॅरोल किंगची ‘टॅपेस्ट्री’

मागच्या अंकात कॅरोल किंग या अमेरिकन गायिका-संगीतकाराच्या ‘टॅपेस्ट्री’ या १९७१ सालच्या अल्बमचा नुसता उल्लेख केला होता, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते.

‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ मी कॉलेजपासून जेम्स टेलरच्या आवाजात ऐकत आलो. तुम्ही ते कॅरोल किंगचं म्हणता. नक्की कोणाचं? (वाचक, सांगली)

शब्द आणि चाल, दोन्ही कॅरोलची. टेलरच्या ‘फायर अँड रेन’मध्ये एकटेपणाच्या दिवसांत मित्र सापडला नाही अशी एक ओळ आहे, त्या ओळीला हे गाणं उत्तर आहे असं टेलर सांगत आला आहे. १९७१ च्या सुरुवातीला दोघंही आपापले अल्बम करत होते आणि वादक बरेचसे तेच होते. तिच्या अल्बमवर तो गिटार वाजवतो. आपलं इतकं चांगलं गाणं तिने त्याला बिनदिक्कत देऊन टाकलं, स्वतःचं सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची सुटी तबकडी म्हणून, काढलंही नाही. त्याचं सिंगल जुलै १९७१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांत ‘साँग ऑफ द इयर’ हा गीतकाराचा पुरस्कार तिला मिळाला आणि गायनाचा त्याला. न्याय झाला असं मला वाटतं.

आपल्याकडे गीत, संगीत आणि स्वर अशी तीन नावं वेगवेगळी छापतात. कॅरोल किंग आधी ‘दुसऱ्यांसाठी लिहायची’ असं तुम्ही म्हटलंत, म्हणजे ती नेमकं काय करायची? (वाचक, पुणे)

चाली करायची. शब्द तिचा नवरा जेरी गॉफिन लिहायचा. न्यूयॉर्कला १६५० ब्रॉडवे या इमारतीत अल नेव्हिन्स आणि डॉन कर्शनर यांची आल्डन म्युझिक ही कंपनी होती. छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक पियानो, आणि शेजारच्या खोलीत दुसरी जोडी त्याच गायकासाठी गाणं रचत बसलेली! कॅरोल ब्रुकलिनची, लग्न झालं तेव्हा सतरा वर्षांची. जेरी दिवसा रसायनांच्या कंपनीत कामाला. ती चाल टेपवर ठेवून जायची आणि तो रात्री घरी आला की शब्द बसवायचा. ‘विल यू लव्ह मी टुमारो’ असंच झालं. ते शिरेल्स या मुलींच्या गटाने गायलं आणि जानेवारी १९६१ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाने ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तो क्रमांक मिळवण्याची ती पहिलीच वेळ. तंतुवाद्यांची मांडणीही कॅरोलनेच केली होती. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. दर वेळी हे आठवलं की मला तिचं नव्याने कौतुक वाटतं.

पुढे ड्रिफ्टर्स या गायकांच्या गटासाठी ‘अप ऑन द रूफ’ आलं. ‘द लोकोमोशन’ तर त्यांच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या ईव्हा बॉइडने लिटल ईव्हा या नावाने गाऊन गाजवलं. १९६७ मध्ये निर्माता जेरी वेक्सलरने ‘नॅचरल वुमन’ एवढे दोन शब्द सुचवले, त्यावर या दोघांनी लगोलग गाणं रचलं आणि ते अरिथा फ्रँकलिनने गायलं.

आता महत्त्वाचं. गायकाला गाणं ऐकवायला एक नमुना टेप लागते, तिला डेमो म्हणतात. कॅरोलच्या गाण्यांचे डेमो पुष्कळदा ती स्वतःच पियानोवर बसून गायची. म्हणजे जगाने ती गाणी इतरांच्या आवाजात ऐकली, पण धंद्यातल्या लोकांच्या कानावर तिचा आवाज आधीच पडलेला होता. तुमच्या तीन नावांवरून सांगायचं तर ‘गीतरामायण’ आठवा. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली ती गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. पुढे बाबूजी स्वतः ती सगळी गाऊ लागले, तेव्हा चाल बांधणाऱ्याच्या गळ्यातून तिचा आशय वेगळाच उलगडला. कॅरोलच्या बाबतीतही तसंच घडलं.

हा अल्बम तीन आठवड्यांत झाला असं वाचलं. एवढ्या थोड्या वेळात असं काम कसं होतं? माझा विश्वास बसत नाही. (वाचक, नाशिक)

ध्वनिमुद्रण खरंच जानेवारी १९७१ मध्ये साधारण तेवढ्याच दिवसांत उरकलं. पण त्यामागची दहा वर्षं धरायला हवीत. १९६८ मध्ये जेरीपासून वेगळी होऊन ती दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमध्ये आली. तिथे ‘द सिटी’ नावाचा गट केला, १९७० मध्ये ‘रायटर’ हा एकटीचा अल्बम केला. दोन्ही फारसे चालले नाहीत. लोकांसमोर गायला ती बिचकायची. टेलरच्या कार्यक्रमांत ती मागे पियानो वाजवायची, त्याने तिला आग्रहाने पुढे आणून ‘अप ऑन द रूफ’ गायला लावलं.

निर्माता लू अॅडलर आल्डनच्या दिवसांपासून तिचे डेमो ऐकत आलेला माणूस. त्याने ठरवलं की या अल्बमला डेमोचाच स्वभाव राहू द्यायचा : पियानो आणि आवाज पुढे, बाकी सगळे मागे. ध्वनिमुद्रक हँक सिकालो. चार्ल्स लार्कीचा बास, डॅनी कॉर्चमरची गिटार. वादक तिच्या रोजच्या बसण्या-उठण्यातले होते, त्यामुळे समजावून सांगण्यात वेळ गेला नाही. ‘नॅचरल वुमन’ ऐका : पियानो, बास आणि ती. अरिथाच्या आवृत्तीतला सगळा डौल काढून घेतल्यावर गाणं उभं राहतं की नाही याची ती परीक्षा आहे, आणि ते ताठ उभं राहतं.

जागा हॉलिवूडमधला ए अँड एम स्टुडिओ, पूर्वी चार्ली चॅप्लिनचा. कॅरोल बी स्टुडिओत होती. त्याच काळात तिथे सी स्टुडिओत गायिका जोनी मिचेल आपला ‘ब्लू’ हा अल्बम करत होती. सी मधला तांबूस लाकडाचा स्टाइनवे पियानो कॅरोललाही हवासा वाटायचा. तो मोकळा सापडला तशी तिने ‘आय फील द अर्थ मूव्ह’ त्याच्यावर उरकून घेतलं. जोनी आणि टेलर दोघं येऊन ‘विल यू लव्ह मी टुमारो’ला साथीला गायले. शिरेल्सचं ते गाणं ठुमकत जातं. इथे लय खूप उतरवली आहे. अठराव्या वर्षी बांधलेली चाल ती एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गाते, मध्ये एक लग्न मोडून गेलेलं आहे, आणि उद्याचं काय हा प्रश्न आता मुलीचा राहत नाही, बाईचा होतो. एक सूरही न बदलता. पॉप संगीतात यापेक्षा खोल काही मी तरी ऐकलेलं नाही.

१० फेब्रुवारी १९७१ ला अल्बम आला आणि पुढे सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. बारा गाण्यांपैकी सात तिची एकटीची, तीन जेरीबरोबरची आणि दोन टोनी स्टर्न या कवयित्रीच्या शब्दांवरची. ज्या नवऱ्यापासून वेगळी झाली त्याची गाणी तिने वगळली नाहीत, याची मला फार किंमत वाटते.

मी पियानो शिकते, दुसरं वर्ष चालू आहे. यातलं कोणतं गाणं आधी बसवू? (वाचक, पणजी)

‘इट्स टू लेट’. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी हेच देते. कडवं ए मायनर सेव्हन आणि डी या दोन कॉर्ड्सवर झुलतं, तिथे घाई करायची नाही. धृपदाला एकदम बी फ्लॅट मेजर सेव्हन येतो आणि खोलीत उजेड पडल्यासारखं होतं. शब्द नातं संपल्याचे, आणि सूर मात्र सुटल्याचे. डावा हात हलका ठेवा, उजव्या हाताने कॉर्ड किंचित उशिरा सोडा. मधल्या वादनाच्या जागी मूळ तबकडीवर आधी गिटार आणि मग कर्टिस एमीचा सॅक्सोफोन आहे. तो भाग तुम्ही सुरुवातीला सोडून दिलात तरी चालेल. गाऊन वाजवा मात्र. आवाज बरा नसला तरी गा, कारण ही साथ गळ्याच्या श्वासावर बेतलेली आहे आणि नुसत्या बोटांनी ती बसत नाही.