पी, क्यू आणि वाटीतले मणी

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, बीएस्सी झूलॉजीतून केलं. उत्क्रांतीबद्दल वाचायला आवडतं म्हणून हौसेने इव्होल्यूशनरी जेनेटिक्स घेतलं आणि आता लेक्चरला नुसतं पी, क्यू, एन, एस चाललेलं असतं. गणित तर मी शाळेतच सोडलं. विषय बदलायची शेवटची तारीख जवळ आलीय, बदलू का?

उत्तर : थांब गं जरा. १९०८ साली हार्डी नावाच्या गणितज्ञाने हे पी-क्यू, म्हणजे एका जीनच्या दोन प्रकारांचं पॉप्युलेशनमधलं प्रमाण, मांडलं तेव्हा त्यानेच लिहिलंय की याला पाढ्यांच्या लेव्हलचं गणित पुरतं. आणि पुरतंच. समज एखादा रिसेसिव्ह आजार, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या जीनच्या दोन्ही कॉप्या बिघडलेल्या असतील तरच होणारा, १०,००० मुलांत एकाला होतो. बिघडलेल्या प्रकाराचं प्रमाण क्यू धरलं, चांगल्याचं पी, तर क्यूचा वर्ग झाला १०,००० त एक, क्यू १०० त एक, आणि एकच बिघडलेली कॉपी बाळगणारे कॅरियर किती तर दोन पी क्यू, जवळपास ५० त एक. म्हणजे एका आजारी मुलामागे दोनशेच्या आसपास कॅरियर धडधाकट फिरतायत! सिलेक्शनला, म्हणजे नैसर्गिक निवडीला, दिसतो तो फक्त आजारी, बाकीच्या कॉप्या कॅरियरमध्ये मस्त लपून बसतात. असले जीन अजून संपले कसे नाहीत, याचं निम्मं उत्तर तुला वर्गमुळात मिळालं.

मुलं अडखळतात ती बहुतेक पुढे, ड्रिफ्टपाशी, म्हणजे निव्वळ नशिबाने जीनचं प्रमाण पिढ्यानपिढ्या बदलत जातं तिथे. कारण जे टिकलं ते काहीतरी फायद्याचं असणारच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यावर उपाय सांगते. वाटीत ८ लाल, ८ पांढरे मणी घे, न बघता एक काढ, रंग लिही, परत टाक, असं १६ वेळा. जो हिशोब येईल त्याप्रमाणे वाटी नव्याने भर, ही झाली पुढची पिढी. कंटाळवाणं आहे, पण कर. वीस-पंचवीस पिढ्यांत बऱ्याचदा एक रंग पार गायब होतो, त्या बिचाऱ्याचं काहीही चुकलेलं नसताना. पीटर बुरीने १९५६ मध्ये हेच फळमाश्यांवर दाखवलं, १०७ छोटे गट, प्रत्येक पिढीत ८ नर ८ माद्या, डोळ्याच्या रंगाच्या जीनचे दोन प्रकार सुरुवातीला निम्मे-निम्मे. १९ पिढ्यांनी ३० गटांत एक प्रकार साफ गेलेला आणि २८ गटांत तोच एकटा उरलेला. बाकीचे अजून अधेमधे.

हे पचलं की हाल्डेन या जेनेटिक्सवाल्या शास्त्रज्ञाचं १९२७ चं गणित बघ. नवीन म्युटेशन, म्हणजे जीनमधला नवा बदल, १ टक्का फायद्याचं असलं तरी मोठ्या पॉप्युलेशनमध्ये ते सगळीकडे पसरायची शक्यता जेमतेम २ टक्के, बाकी ९८ वेळा ते सुरुवातीलाच हरवतं. मी पहिल्यांदा सोडवलं तेव्हा उत्तर चुकलं म्हणून तीनदा परत केलं होतं, मग कळलं की उत्तर बरोबरच होतं.

त्यामुळे मण्यांचा खेळ आधी कर, तारखेचं मग बघ. तो खेळताना मजा आली नाही तर खुशाल बदल, त्यात लाज कसली.

प्रश्न : प्रोग्रॅमिंगसाठी आर शिकू की पायथन? सीनियर्सचं यावर एकमत होत नाही.

उत्तर : होणारही नाही. शेजारी बसून चुका दाखवणारा जो मित्र आहे त्याला जे येतं ते शीक. पहिला प्रोग्रॅम वरच्या मण्यांचाच लिही, पंधरा-वीस ओळींत होतो. मग १६ मण्यांच्या जागी १६०० टाकून पिढीगणिक लाल रंगाच्या प्रमाणाचा ग्राफ बघ, तीच रेघ किती शहाण्यासारखी, फारशी न भरकटता, चालायला लागते ते.