लेझर नेमका असतो कुठे?

प्रश्न : नगरजवळच्या के. के. रेंजवर २०२० मध्ये 'स्वदेशी लेझर क्षेपणास्त्रा'ची चाचणी झाली होती. तेच विमानातून का डागत नाहीत? आणि लेझर क्षेपणास्त्राच्या पोटातच असतो का?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : माझी उमेदीची वर्षं हवाई दलाच्या आर्मामेंट सेक्शनमध्ये, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या विभागात गेली, म्हणून दुसरा प्रश्न आधी घेतो. पोटात नसतो. क्षेपणास्त्राच्या नाकात असतो तो नुसता डोळा, म्हणजे सीकर. लेझर मारणारा डेझिग्नेटर वेगळाच. तो विमानाखाली लटकवलेल्या पॉडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या डब्यात असेल, हेलिकॉप्टरवर असेल, नाहीतर डोंगरात दबा धरून बसलेल्या जवानाजवळ. लक्ष्यावरून परतलेला उजेड सीकरच्या चार भागांच्या डिटेक्टरवर पडतो. ज्या भागात जास्त पडेल, त्या बाजूला क्षेपणास्त्र वळतं. हा उजेड बहुधा १.०६४ मायक्रॉनचा, डोळ्यांना न दिसणारा. सिनेमातली लाल रेघ विसरा!

हा उजेड सलग नसतो, तुटक स्पंदांनी येतो. या स्पंदांना ठरलेला कोड असतो, नाहीतर आपलं अस्त्र शेजारच्या विमानाने दाखवलेल्या लक्ष्यावर जायचं. बऱ्याच अस्त्रांत कोड जमिनीवरच लावावा लागतो. एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने लावायचे, मग पायलटच्या कागदाशी ताडून बघायचे. सीकरच्या काचेला कुणाचं बोट लागलं की सार्जंट अंगावर यायचा.

आता के. के. रेंज. २२ सप्टेंबर २०२० रोजी तिथे अर्जुन रणगाड्याच्या १२० मिमी तोफेतून ते क्षेपणास्त्र डागलं आणि ३ किलोमीटरवरचं लक्ष्य टिपलं. ते 'डीआरडीओ' या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या 'एआरडीई' प्रयोगशाळेचं काम; सोबत तिच्याच दोन प्रयोगशाळा, पुण्याचीच 'एचईएमआरएल' आणि डेहराडूनची 'आयआरडीई'. पण तोफेच्या नळीत मावणारं, तिचा दणका सोसणारं अस्त्र विमानाला तसंच लटकवता येत नाही. वजन, पल्ला, धावत्या विमानापासून सुटण्याची पद्धत, सगळं नव्याने करावं लागतं.

विमानासाठी आपल्याकडे 'डीआरडीओ'च्याच बंगळुरूच्या 'एडीई' प्रयोगशाळेचा लेझरवर चालणारा 'सुदर्शन' आहे, पण तो बॉम्ब. त्याला इंजिन नाही. हेलिकॉप्टरवरून डागायच्या 'हेलिना' या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राला लेझरऐवजी इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता पाहणारा सीकर दिलाय. काहींना हे पाऊल मागे वाटतं, मला नाही. लेझरमध्ये अस्त्र आदळेपर्यंत कुणीतरी लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरून ठेवावा लागतो, आणि ढग-धूर आडवा आला की सगळं मुसळ केरात. 'हेलिना' लक्ष्य स्वतःच धरते, म्हणून ती सुटली की हेलिकॉप्टर तोंड फिरवायला मोकळं. लेझर सीकर मात्र सोपा आणि स्वस्त, म्हणून तो सोडूनही चालत नाही.

माझं मत विचाराल तर स्फोटक आणि रॉकेट ही आता आपली अडचण नाही. घोडं अडतं ते सीकर आणि पॉडपाशी. कारगिल युद्धात २४ जून १९९९ ला टायगर हिलवर मिराज विमानांनी लेझर बॉम्ब टाकले, तेव्हा पॉड इस्रायली होता. आणि आजही आपल्या अपाचे लढाऊ हेलिकॉप्टरांवर लागतात ती हेलफायर क्षेपणास्त्रं अमेरिकी आहेत.