रक्तदान शिबिरात नवीन आहेस ना, मग हे वाच

अरे, नावनोंदणीचं टेबल मागू नकोस, चहा-बिस्किटांपाशी उभा राहा, कारण सुई काढल्यावर लोक घाईनं उठतात आणि चक्कर येते ती तिथंच. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत पाठवलेल्या ताईंशी नीट बोल, त्या पुढच्या वेळी येतात. मी इतकी वर्षं का करतो विचारलंस, तर पुण्य वगैरे काही नाही रे, थॅलेसेमियाच्या (शरीरात रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार) पोरांना दर 2-4 आठवड्यांनी रक्त लागतं आणि एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, दाते गावाला, नेमक्या तेव्हाच पिशव्या कमी पडतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, तर 5 दिवसच टिकतात. म्हणून नेत्यांच्या वाढदिवसाची बॅनरवाली शिबिरं सोड, मे महिन्यातलं छोटं शिबिर धर, आणि पुरुषांना 90, बायकांना 120 दिवसांनी (तेवढ्या दिवसांनीच पुन्हा रक्त देता येतं) फोन करायची यादी आत्ताच बनवायला घे.