ठाणे-नवी मुंबईजवळ डोंगर आणि नदीकाठ धरून गोल फिरता येईल अशी एका दिवसाची वाट कोणती?

आहेत की, हव्या तेवढ्या आहेत. पण आधी तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याचा समाचार घेतो. तुम्ही लिहिलंय, ‘श्रावणात जायचा विचार आहे, सकाळी डोंगर उरकून घेऊ, मग ओढा ओलांडून नदीकाठी डबा खाऊ आणि आरामात गाडीपाशी येऊ.’ हे वाक्य आमच्या साडूंचं आहे. तुमची त्यांची ओळख असण्याचं काही कारण नाही, पण गेली काही वर्षं प्रत्येक बारशाला, मुंजीला आणि गणपतीत मी हेच ऐकतोय आणि पानावरून उठेपर्यंत वाद घालतोय. तेव्हा उत्तर जरा लांबणार.

पावसाळ्यात क्रम उलटा लावायचा. आपल्याकडच्या गोल वाटेत पाणी बहुतेक दोनदा ओलांडावं लागतं. एकदा गावाजवळच्या पुलावरून नाहीतर साकवावरून, आणि एकदा पाण्यात पाय घालून, दगडांवरून. त्यातलं पाय घालायचं सकाळी, गाडी लावल्या लावल्या. पूल परत येताना. सकाळी पाणी जास्त दिसलं तर काय होईल? गाडीत बसून वाटेतल्या नेरे गावात वडापाव खाऊन घरी याल. संध्याकाळी पाणी जास्त दिसलं तर तुम्ही चुकीच्या काठावर असता, पोरं भिजलेली असतात आणि अंधार पडायला आलेला असतो.

साडूंचं म्हणणं, ‘एवढं पाणी एकदम कुठून येणार?’ वरून येणार, आणखी कुठून! आपला सगळा डोंगर काळा कातळ, वर माती असली तर वीतभर. जुलै-ऑगस्टपर्यंत ती पिऊन पिऊन तुडुंब झालेली असते, त्यामुळे पुढचा पाऊस मुरत नाही, धावतो. ओढेही लांबीला तोकडे. माथेरानच्या कड्याखाली उगम आणि पायथ्याला गाढी नदी, मधे चढ असा की पाण्याला थांबायला जागाच नाही. वर जोरदार सर आली की खाली अर्ध्या-पाऊण तासात ओढा चढतो, आणि त्या वेळी तुमच्या डोक्यावर कदाचित ऊन असतं. जुलै २०२४ मध्ये बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमागच्या डोंगरात सुमारे ६० माणसं अशीच ओढ्यापलीकडे अडकली आणि अग्निशमन दलाने काढली. ते काही जंगल नाही हो, वस्तीला लागून आहे. तिथून हाक मारली तर एखाद्या सोसायटीचा वॉचमन ओ देईल.

आता आमचं सांगतो. गाढेश्वर धरणाच्या पुढे, माळडुंगे-धोदाणीच्या बाजूला, एका बाजूला प्रबळगड आणि दुसऱ्या बाजूला माथेरान असं गाढीचं खोरं आहे. पनवेलहून तासाभराच्या आत पोचता येतं, धोदाणीला एसटीही जाते. ऑगस्टातला रविवार होता. मी, माझी शाळकरी मुलगी, साडू आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. साडू बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, त्यामुळे मान त्यांचा आणि गाडीही त्यांची. गाडी ओढ्याच्या अगदी काठाला लावली, कारण ‘शेवटी थकून आल्यावर चालायला नको’. मी म्हटलं, भाऊ, आत्ता पाणी घोट्याएवढं आहे, आत्ताच पलीकडे जाऊ, वरच्या वाडीत चढू आणि गावाकडच्या पुलावरून परत येऊ. ते म्हणाले, ‘सकाळी सकाळी बूट कशाला ओले करायचे?’

बूट! पुढे ओल्या गवतातच बूट पहिल्या दहा मिनिटांत ओले झाले, हे आपलं जाता जाता.

तर पुलावरून गेलो, सोंडेवरून पदरात चढलो. पदर म्हणजे डोंगराच्या कमरेची सपाटी, तिथे ठाकरांची वाडी, नाचणीची आणि वरीची तुकड्यातुकड्यांची शेतं, देवळाची पडवी. चालायला याहून सुंदर जागा मला ठाणे-रायगडात दुसरी माहीत नाही. माथ्यावर गेलं नाही म्हणजे ट्रेकच नाही असं मानणाऱ्यांनी एकदा अशा पदरावरून डोंगराला वळसा घालून बघावा. दुपारी माथेरानची बाजू काळी झाली. आमच्या अंगावर भुरभुर सुद्धा नव्हती. वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, कुठून उतरणार? ओढ्यातून म्हटल्यावर त्या आमच्याकडे न बघता कड्याकडे बघत राहिल्या. मला तेवढं पुरे होतं. साडूंना नव्हतं.

तीनच्या सुमारास ओढ्यावर आलो. सकाळी ज्यातून खालचे खडे मोजता आले असते ते पाणी आता दुधाच्या चहाच्या रंगाचं. पानं, काटक्या, एक अख्खं करवंदीचं झुडूप मुळासकट जाताना दिसलं. आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. आणि पलीकडे, फार तर चाळीस पावलांवर, आमची गाडी. नंबर वाचता येत होता. मागच्या काचेवरचा गणपतीचा स्टिकर दिसत होता. साडूंनी खिशातून किल्ली काढली आणि का कोण जाणे, बटण दाबलं. पलीकडून गाडीने दोन्ही दिवे मिचकावले. माझी मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, ‘काका, बोलावून बघा ना, येईल.’

त्यावर त्यांचा प्रस्ताव असा की चौघांनी हात धरून साखळी करून जायचं. इथे मात्र मी मान वगैरे बाजूला ठेवला. गुडघ्याएवढं पाणी वेगात असेल तर धट्टाकट्टा माणूस पडतो, खाली शेवाळलेले गोटे असतात, आणि साखळीतला एक गेला की बाकीच्यांना घेऊन जातो. पाणी गढूळ असलं की पाय कशावर ठेवतोय ते दिसत नाही. मी मुलीचा हात धरून मागे फिरलो आणि मोठ्या दगडावर जाऊन बसलो. पुलाकडे मागे जायचं तर पुन्हा पदर चढून उतरायचा, म्हणजे अंधार. काठाने जायची सोय नव्हती, मधे आणखी एक ओहळ फुगलेला.

तेवढ्यात वाडीतला एक माणूस इरलं डोक्यावर घेऊन खाली आला. आजींनीच पाठवलं असावं. त्याने पाण्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि प्रवाहाच्या मधोमध एका जागी जिथे पाणी उसळत होतं तिकडे बोट केलं. ‘तिथं दगुड हाय. त्याचा काला डोका दिसला का मंग जावा. आता नको.’ मग तो बसला, तंबाखू मळली आणि साडूंशी भाताच्या लावणीबद्दल गप्पा मारू लागला. साडू दर पाच मिनिटांनी, ‘आता दिसतोय का?’ तो न बघता, ‘नाय.’

वर पाऊस थांबला असावा. दोनेक तासांनी त्या दगडाचा वरचा भाग उघडा पडला, ओला, काळा, म्हशीच्या पाठीसारखा. तो माणूस आधी स्वतः काठी टेकत गेला, परत आला आणि मग एकेकाला घेऊन गेला. पैसे घेईना. मुलीने डब्यातल्या पोळ्या आणि गूळ दिला तो घेतला. डबा आम्ही खाल्लाच नव्हता, नदीकाठी खायचा होता ना!

साडूंचा बचाव आजही तोच. ‘पाऊस वर पडला, खाली कोरडं होतं, मग कळणार कसं?’ अहो, कळणार नाही म्हणूनच तर क्रम उलटा. कळण्यावर भिस्त ठेवायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यांचा दुसरा मुद्दा, की शेवटी आलोच ना सुखरूप. आलो, पण त्यात आपलं कर्तृत्व काय? त्या इरलंवाल्याचं.

आता तुमचा प्रश्न. वरची गाढी खोऱ्यातली फेरी कराच, पण वाटाड्या घेऊन. धोदाणीची माणसं भाजी आणि दूध घेऊन माथेरानच्या सनसेट पॉइंटपर्यंत चढत आली आहेत, त्यांना या उतारावरची प्रत्येक ढोरवाट माहीत असते. मोबाइलमधल्या रेषेवर विसंबू नका, ती कुणीतरी मे महिन्यात चालून काढलेली असते.

तुम्ही गाडीचा हट्ट सोडलात तर आणखी चांगली सोय आहे. ठाण्याहून कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरायचं, पाली-भूतिवली धरणाच्या बाजूने सागाच्या वाडीवरून माथेरानच्या गार्बेट पॉइंटला चढायचं, माथेरानमधून चालत दस्तुरी नाक्यावर यायचं आणि नेरळला उतरून लोकल पकडायची. वर्तुळ रेल्वे पूर्ण करते. गाडीपाशी परत यायचं नाही म्हटल्यावर शेवटचा ओढा ओलांडायची जबरदस्तीही उरत नाही, हा त्यातला खरा फायदा. माथेरानमध्ये तशीही गाडी दस्तुरीच्या पुढे जात नाही. नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे १९०७ पासूनची आहे, पण पावसाळ्यात तिच्या भरवशावर राहू नका.

पक्षी बघत सावकाश फिरायचं असेल तर कर्नाळा. अभयारण्य लहान आहे, १२ चौरस किलोमीटरच्या आसपास, तिकीट काढावं लागतं. हरियाल आणि मोरटाका अशा आखलेल्या वाटा आहेत. नदी नाही, आणि महामार्गाचा आवाज पाठ सोडत नाही. लहान मुलांसाठी उत्तम.

ठाण्याच्या येऊरबद्दल बरेच जण सांगतील की पाटोणापाड्यातून आत शिरून दुसरीकडून बाहेर पडा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, बिबटे आहेत, आत फिरायला वनखात्याची परवानगी लागते. ठाण्यात राहून डोंगर आणि पाणी एका दमात बघायचं तर घोडबंदर रस्त्याच्या उत्तरेचा नागला भाग बघा, तोही परवानगीनेच. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीच समुद्राला मिळायच्या आधीची. भरती-ओहोटीचं पाणी आणि खारफुटी, त्यामुळे पाय सोडून बसण्यासारखा काठ नाही.

उल्हासचा काठच हवा तर बदलापूर-वांगणीकडे जा, पण पाऊस सरल्यावर. मोठी नदी ओढ्यासारखी चटकन चढत नाही, चढली की मात्र पसरते. २७ जुलै २०१९ ला तिने त्याच पट्ट्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घातला होता आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. रूळ भरावावर असतात, काठची पायवाट त्याच्याही खाली असते.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. पावसाळ्यात धरणं आणि धबधब्यांवर मनाईचे आदेश निघतात. खारघरचा पांडवकडा धबधबा, गाढेश्वर अशा ठिकाणी पोलीस उभे असतात आणि परत पाठवतात. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. पोलिसाशी हुज्जत घालू नका, त्याने दर रविवारी आमच्या साडूंसारखी शंभर माणसं पाहिलेली असतात. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो, तेव्हा तर चारच्या आत डोंगर सोडलेला बरा. तेव्हा सोनकीचे पिवळे गालिचे असतात, गर्दी कमी असते, आणि माझ्या मते जुलैच्या धुक्यापेक्षा तेच दिवस चांगले. पण तुम्ही श्रावण ठरवलाय, तर असो.

डबा पदरावरच्या देवळाच्या पडवीत खा, वाडीतल्या कुणाला तरी विचारून. नदीकाठीच खायचा असेल तर दिवाळीनंतर जा. तेव्हा क्रम पाण्यावरून नाही, सावलीवरून लावायचा. पश्चिमेकडचा उतार सकाळी सावलीत असतो, धोदाणीची बाजू तशीच, म्हणून चढ आधी आणि नदी नंतर हे तेव्हा बरोबरच आहे. साडू नेमकं हेच पुढे करतात, की जानेवारीत आपण डोंगर आधी आणि ओढा शेवटी असेच गेलो होतो, तेव्हा कुठे काय झालं? काही नाही झालं. जानेवारीत ओढ्याला पाणीच नव्हतं.